लुमेनरावांचे चार निळे ठिपके

दिनांक ३ सप्टेंबर, बुधवार. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इमारतीच्या दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधील जिन्यातला दिवा गेला. त्या ठिकाणी खिडकी नाही; होती, पण तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत येऊन उभी राहिली. सबब तेथे भर दुपारीही चाचपडावे लागते आणि पहाटे तर डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखेच. दिव्याभोवती लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली गृहसंस्थेच्या सचिवांकडे आहे. ४ सप्टेंबरला तोंडी तक्रार झाली, ६ सप्टेंबरला लेखी. १४ डिसेंबरपर्यंत, म्हणजे एकशे दोन दिवस, त्या अठरा पायऱ्यांवर उजेड पडला नाही. या अवधीत समितीच्या तीन सभा झाल्या आणि तिन्ही सभांत चहा झाला. नोंद असावी म्हणून हे प्रथम लिहून ठेवले आहे. दोष कोणाचा, ते यथाक्रम पुढे येईल.

या अंधाराचा जाच ज्या घराला सर्वाधिक झाला ते चौथ्या मजल्यावरचे, आणि गंमत अशी की साऱ्या इमारतीत उजेडाची साधने सर्वाधिक होती तीही त्याच घरात. घराच्या कर्त्या पुरुषाला सगळे लुमेनराव म्हणत. हे नाव त्यांच्या पत्नीनेच ठेवलेले. विजेरीच्या खोक्यावर ती किती लुमेन उजेड देते याचा आकडा छापलेला असतो. तो आकडा खरा की थापेबाजीचा, हे तपासण्यात या गृहस्थांचे अर्धे आयुष्य गेले होते आणि उरलेले अर्धे त्याच वाटेने निघाले होते.

वय एक्कावन्न. नोकरी एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सहायक म्हणून, सत्तावीस वर्षे. लोलक कापसात गुंडाळून ठेवणे, कडा उडालेली भिंगे वेगळी काढणे, खणाखणावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवणे आणि ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ ही पाटी दरवर्षी नव्याने रंगवणे, ही कामे त्यांनी इतक्या निष्ठेने केली की मुलांचा हात साहित्याला सहसा लागलाच नाही. घरीही तीच शिस्त. झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या दोन फळ्यांवर एकतीस विजेऱ्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पायाशी क्रमांक. दारापाशी मात्र एकही नव्हती. दारापाशी ठेवली तर कोणीतरी ती वापरील, अशी त्यांना धास्ती होती.

नवी विजेरी आली की तिची परीक्षा न्हाणीघरात होई, कारण तेथे चारही भिंतींना पांढऱ्या फरशा. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, तांब्या पालथा घालून त्यावर विजेरी उभी करायची, उजेड छतावर सोडायचा आणि शाळेतून मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणलेल्या प्रकाशमापकावर काटा कुठे थांबतो ते पाहायचे. वेळ सकाळी साडेआठची. पत्नी टपाल कचेरीत खिडकीवर बसत असे. ती दाराबाहेर टॉवेलविना उभी.

“अहो, झालं का?”

“दोन मिनिटं. उजेड स्थिर होऊ दे.”

“तुमचा उजेड स्थिर होईपर्यंत तिकडे माझ्या खिडकीवर रांग लागते. काय सांगू लोकांना? नवरा न्हाणीघरात बॅटरीला आंघोळ घालतोय?”

“थंड झाली की पुन्हा एकदा मोजायला लागेल,” आतून उत्तर येई.

घरात तिसरे माणूस म्हणजे लुमेनरावांचे वडील, अण्णा. वय एक्क्याऐंशी. पन्नास वर्षे शिंपीकाम केलेले, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, पाठ ताठ. रोज पहाटे साडेपाचला ते बहात्तर पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रावर जात. तेथे एका बाकावर त्यांच्यासारखेच तीन सेवानिवृत्त बसत आणि जगातल्या सर्व तरुणांना नावे ठेवत. सव्वासहाला अण्णा दूध घेऊन परतत. मग पत्नी उठण्यापूर्वी बापलेक स्वयंपाकघरात चहा घेत. दिवसभर ज्या माणसाला विजेरीखेरीज विषय नाही, तो त्या वीस मिनिटांत कधीमधी गप्प बसून ऐकत असे. आणि दिवसभर गप्प बसणारा म्हातारा त्याच वीस मिनिटांत बोलत असे. या चहाचे महत्त्व लुमेनरावांनी कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. पण ते त्यांना पुरते ठाऊक होते.

११ नोव्हेंबरला त्या अंधाऱ्या टप्प्यावर अण्णांची एक पायरी चुकली. गुडघा खरचटला; बाकी काही नाही. परंतु ही वार्ता लुमेनरावांच्या थोरल्या बहिणीपर्यंत, ताईंपर्यंत, फोनने पोचली आणि येत्या रविवारी, १६ तारखेला, ताई दारात हजर झाल्या. ताई दुसऱ्या गावी तळमजल्यावर राहत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतली नव्हती.

“जिन्यात मिट्ट काळोख,” त्या चपला काढता काढता म्हणाल्या. “रुमालाने भिंत धरून आले मी. अण्णा रोज पहाटे याच जिन्याने जातात?”

“समितीचा ढिसाळपणा, ताई,” लुमेनराव म्हणाले. “अडीच महिने झाले. मी किती वेळा सांगितलं त्यांना.”

“सांगून काय झालं? अण्णा, सामान बांधा. माझ्याकडे जिनाच नाही.”

अण्णा पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, “तुझ्याकडे बाक आहे का?”

“अंगणात खुर्ची टाकून देईन.”

“खुर्चीवर एकटाच बसणार ना मी?”

शेवटी ताईंनी निकाल दिला. “ठीक. चार आठवडे देते. १४ डिसेंबरला मी पुन्हा येईन आणि अण्णा पहाटे कसे उतरतात ते स्वतः मागे उभं राहून बघेन. एक जरी पायरी चुकली, पाय नुसता डगमगला, तरी त्याच दिवशी अण्णा माझ्यासोबत.” मग भावाकडे वळून, “तुझ्या कपाटात दुकान मांडून ठेवलंयस ना? त्यातली एक दे की बापाला.”

आता कोणत्याही सामान्य माणसाने कपाट उघडून हाताला येईल ती विजेरी वडिलांना दिली असती. परंतु लुमेनरावांच्या दृष्टीने त्या एकतिसांतली एकही या कामाची नव्हती. ही जड, ती बुटकी. एकीचा झोत फार लांब जाई, दुसरीचा फार पसरे. तिसरीचा उजेड निळसर आणि म्हाताऱ्या डोळ्यांना निळसर बरा नव्हे. नवीच घ्यायला हवी. आणि नवी घ्यायची म्हटल्यावर जुना, कधीही न मिटलेला प्रश्न उभा राहिला: स्वस्त की महाग?

या प्रश्नावर ते जन्मापासून दुभंगलेले होते. शिंप्याच्या घरात वाढलेला मुलगा सांगे, की कॉलर उलटून शिवली तर सदरा आणखी दोन वर्षे जातो, उगाच पैसे कशाला उधळायचे. प्रयोगशाळेतला सहायक सांगे, की स्वस्त भिंगातून अक्षरे वाकडी दिसतात आणि माणूस अक्षरालाच दोष देतो. त्यांनी वहीचे दोन भाग केले. डाव्या पानावर लिहिले: स्वस्त हरवली तर दुःख नाही, तिचे सेल कोपऱ्यावर मिळतात, एकीच्या किमतीत सहा येतात, पाच बिघडल्या तरी एक उरते. उजव्या पानावर लिहिले: महाग बिघडत नाही, पाण्यात पडली तरी तगते, आणि बापाच्या पायांखालचा उजेड हा काटकसर करण्याचा विषय नव्हे. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केले. मग आपण भावनेच्या आहारी जात आहोत असे वाटून एक रेघ खोडली.

मोबाइलवर त्यांच्यासारख्याच छांदिष्टांचा एक गट होता. तेथे त्यांनी प्रश्न टाकला आणि अठ्ठेचाळीस तासांत एकशे चाळीस उत्तरे आली. त्यातली वीस विजेरीबद्दल होती. उरलेल्यांत सभासद एकमेकांची अक्कल काढत होते. चौथ्या दिवशी लुमेनरावांचा कौल स्वस्ताकडे झुकला. पाचव्या दिवशी बाजारातून आणलेली एक स्वस्त विजेरी न्हाणीघरात शिरली. खोक्यावर आकडा हजार, मापकावर हिशेब केल्यावर त्रेचाळीस. त्यांनी उत्पादकाला दोन पानी पत्र लिहिले. पुढे यथावकाश खोक्यावरच्या पत्त्यावरून ते परत आले, तेथे असे कोणी नाही या शेऱ्यासह. सहाव्या दिवशी ते कट्टर महागवाले झाले. सातव्या दिवशी महाग विजेरी अण्णांच्या हातून पडल्याचे स्वप्न त्यांना पडले. जेवणावरून तर मन पहिल्या दिवसापासूनच उडाले होते.

“अहो, एक विचारू?” पत्नी म्हणाली. “तुमचं ठरेपर्यंत अण्णांनी काय करायचं? गच्चीवर जाऊन सूर्य उगवायची वाट बघायची?”

“घाईत घेतलेला निर्णय महागात पडतो.”

“आणि बिनघाईत घेतलेला?”

तिने शिवणयंत्राचा खण उघडला आणि बोटभर लांबीची एक पिवळी विजेरी काढली. साबणाच्या मोठ्या पाकिटावर फुकट मिळालेली, प्लास्टिकची. मागचे झाकण सैल म्हणून त्याला रबरबँड. यंत्राखाली पडलेल्या सुया शोधायला ती वापरत असे. एक बटण, पुढे सरकवले की लागते, मागे ओढले की विझते. लुमेनरावांनी ही एकदा न्हाणीघरात मोजली होती आणि आकडा वहीत लिहिण्यास नकार दिला होता.

“तोवर ही असू द्या, अण्णा,” ती म्हणाली.

“पुष्कळ झाली,” अण्णा म्हणाले.

लुमेनराव हसले. त्या हसण्यात दया होती.

नवव्या दिवशी त्यांनी महाग विजेरी मागवली आणि दहाव्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, ती आली. काय ती वस्तू! मखमली खाच असलेला डबा, काळ्या धातूचे अंग, खरखरीत पकड आणि चार्जिंग किती उरले ते दाखवणारे चार निळे ठिपके. बटण एकच. ते धरून ठेवले की मंद. एकदा दाबले की नेहमीचा उजेड. दोनदा दाबले की प्रखर. तीनदा दाबले तर संकटात सापडलेल्यांसाठी फडफडणारा. आणि चारदा दाबले की कुलूप, म्हणजे खिशात चुकून लागू नये अशी सोय; पुन्हा चारदा दाबले की ते उघडे. लुमेनरावांनी हे सारे अण्णांना पाऊण तास समजावले. अण्णांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

“येईल ना, अण्णा?”

“न यायला काय झालं. काजं करायची मशिनं चालवलीत मी.”

दुसऱ्या दिवशी सव्वासहाच्या चहाला लुमेनराव वही घेऊनच बसले.

“कसा होता उजेड?”

“छान,” अण्णा म्हणाले. “फारच.”

“पायऱ्या स्पष्ट दिसल्या?”

“सगळ्या. अठराच्या अठरा.”

“कोणत्या पातळीवर ठेवली होतीत?”

अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. “मधल्या,” ते म्हणाले.

येथून लुमेनरावांच्या आयुष्यातला सर्वात सुखाचा काळ सुरू झाला. रोज संध्याकाळी ते विजेरी चार्जरला क्षणभर लावून ठिपके मोजत आणि वहीत लिहीत. पहिला दिवस, चार ठिपके. पाचवा दिवस, चार. नववा दिवस, चार! विजेरी स्वतः लावून पाहण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला, कारण एकदा जरी लावली असती तरी नोंदींची शुद्धता गेली असती. तेराव्या दिवशीही चार ठिपके पाहून त्यांचे डोळे पाणावले. गटावर त्यांनी सविस्तर अहवाल टाकला: रोज पहाटे जाऊन येऊन पंधरा मिनिटांचा वापर, तेरा दिवस, एक्क्याऐंशी वर्षांचा वापरकर्ता, आणि बॅटरीत तिळमात्र घट नाही, उत्पादक आपल्या मालाबद्दल चक्क कमी बोलतो आहे, असा प्रामाणिकपणा आजच्या जगात दुर्मीळ. एका स्वस्तवाल्याने शंका काढली, की हे विज्ञानाला धरून नाही. त्याला लुमेनरावांनी असे काही सुनावले की त्याने गट सोडला.

याच काळात घरात एक किरकोळ घटना घडली. भिंतीवरचे घड्याळ चार वाजून पाच मिनिटांवर थांबले.

“गेल्याच महिन्यात सेल घातले होते मी,” लुमेनराव म्हणाले.

“हल्ली सेलसुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत,” पत्नी कढईकडे बघत म्हणाली.

हे मत त्यांना इतके पटले की त्यावर ते दहा मिनिटे बोलले. नंतर आठवड्याभरात टीव्हीचा रिमोटही गेला. त्यावरही ते बोलले.

१३ डिसेंबरला संध्याकाळी ताई आल्या. लुमेनरावांनी त्यांच्यापुढे वही ठेवली. ताईंनी सवयीने एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि वही मिटली. “मला उद्या पायऱ्या बघायच्यात,” त्या म्हणाल्या.

पहाटे साडेपाचला चौघेही तिसऱ्या मजल्यावर, अंधाराच्या काठावर उभे राहिले. पुढे अण्णा, त्यांच्या मागे ताई, मग लुमेनराव आणि सर्वांत वर पत्नी. अण्णांनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला, पण तो तेथेच घुटमळला.

“काढा की ती,” ताई म्हणाल्या. “जिच्यावर हा काल रात्रभर बोलत होता ती. आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस. परीक्षा अण्णांची आहे.”

काळी विजेरी बाहेर आली. अण्णांनी बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही.

“चार ठिपके आहेत हो तिला!” लुमेनरावांच्या तोंडून निघालेच.

“गप्प!”

अण्णांनी काळी विजेरी डाव्या हातात घेतली, उजवा हात कोटाच्या आत घातला, जिथे कोणत्याही कोटाला खिसा नसतो अशा जागी शिवलेल्या एका छोट्या खिशातून बोटभर काहीतरी काढले, अंगठ्याने पुढे सरकवले, आणि जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा एक लहानसा गोल पहिल्या पायरीवर पडला. मग दुसऱ्या. अण्णा निघाले. गोल पुढे, पाय मागे, जशी शिलाईवर सुई चालते तसे, ना घाई ना थांबा. नऊ पायऱ्या, वळण, पुढच्या नवांतली पहिली.

लुमेनरावांना मात्र दम निघेना. त्यांच्या डोक्यात एकच विचार धडधडत होता: तिला कुलूप लागले आहे! “अण्णा, चारदा दाबा! चारदा!” असे ओरडत ते ताईंना ओलांडून त्या अंधारात घुसले. एकतीस विजेऱ्यांच्या मालकाच्या हातात त्या वेळी एकही विजेरी नव्हती. वळणावर जी पायरी आहे असे त्यांना वाटले ती नव्हती आणि जी नाही असे वाटले ती होती. धप्प असा आवाज झाला.

पिवळा गोल वळला. खालून एक एक पायरी चढत तो वर आला आणि लुमेनरावांच्या घोट्यावर येऊन थांबला.

“हलू नकोस,” अण्णा म्हणाले. “बोटं हलव बघू. हलतात? मग मोडलं नाही. बस तिथंच.”

वरून ताईंचा आवाज आला. “पाय घसरेल त्याला घेऊन जाईन, असं म्हणाले होते मी. घसरला हा. आता याला नेऊ का?”

“न्या हो, ताई,” पत्नी म्हणाली. “पण कपाटासकट न्या.”

अण्णांनी मात्र पाठ फिरवली. “दूध संपेल,” एवढेच म्हणून ते उरलेल्या पायऱ्या उतरून गेले. ताईंनी त्यांच्या पायाखालचा तो गोल दुसऱ्या मजल्यापर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, “राहू देत इथंच. सामान बांधायची गरज नाही.”

त्या दिवशीचा चहा चौघांनी एकत्र घेतला. लुमेनरावांचा पाय स्टुलावर, घोट्याला ओले फडके.

“पहिल्या पहाटे लावली होती मी,” अण्णा सांगू लागले. “एकदा दाबली तर भिंत अशी पांढरीफटक पेटली की पायरीच दिसेना. विझवायला म्हणून दाबली तर आणखी भडकली. मग फडफडायलाच लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून विचारतात, कोणाकडे आलीय अँब्युलन्स? मी घाबरलो आणि दाबत सुटलो. एकदम गप्प झाली. मला वाटलं, मोडली.”

“मोडली नव्हती, अण्णा. कुलूप होतं. मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? नऊ दिवस तू धड जेवला नाहीस तिच्यापायी. एवढ्या हौसेनं आणलीस. आणि मी पहिल्याच दिवशी मोडली म्हणून सांगू?” अण्णांनी बशी खाली ठेवली. “रोज खिशात घेऊन जायचो की. नेली नाही असं एक दिवस झालं नाही.”

लुमेनराव पत्नीकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“सेल कोण घालत होतं पिवळीत?” ती म्हणाली.

त्यांची नजर हळूहळू भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार वाजून पाच मिनिटे.

प्रकरण येथेच संपायचे, परंतु ताईंना अर्धवट काम आवडत नसे. सकाळी साडेसातला त्यांनी सचिवांचे दार वाजवले. लुमेनराव लंगडत मागे गेले. शेवटी एकदा समितीची कानउघाडणी होणार आणि ती आपल्या कानांनी ऐकावी, अशी त्यांची मनीषा होती.

“एकशे दोन दिवस एक दिवा बदलता येत नाही तुम्हाला?” ताईंनी विचारले.

“आमची तयारी पहिल्या दिवसापासून आहे, बाई,” सचिव शांतपणे म्हणाले. “स्वस्त दिवा घ्यावा की महाग, एवढाच प्रश्न होता. आम्ही म्हटलं, इमारतीत जाणकार माणूस आहे, दोन ओळी लिहून घेऊ.” त्यांनी फाइल काढली. आत चार पानी निवेदन होते, तक्त्यासह, सुवाच्य अक्षरात, दिनांक १२ सप्टेंबर. शेवटचे वाक्य असे: ‘उपरोक्त मुद्द्यांचा विचार करता, अधिक अभ्यास झाल्याखेरीज समितीने खरेदीची घाई करू नये.’ “तीन सभांत वाचलं आम्ही हे. समजलं कोणालाच नाही, पण घाई केली नाही.”

ताईंनी निवेदन वाचले. भावाकडे पाहिले. लुमेनराव भिंतीकडे पाहत होते.

“तो तर फक्त प्राथमिक अहवाल होता,” ते हळूच म्हणाले.

किल्ली सचिवांच्या दारामागे खिळ्यालाच होती. दिवा आणायला ताई स्वतः कोपऱ्यावर गेल्या. दुकानदाराने विचारले, “कोणता देऊ?” ताई म्हणाल्या, “तुमच्या हाताला पहिला लागेल तो.” आठ वाजून वीस मिनिटांनी त्या अठरा पायऱ्यांवर उजेड पडला.

लुमेनरावांच्या बाजूने एवढे नमूद करणे न्यायाचे होईल की त्याच संध्याकाळी त्यांनी गटावर लिहिले: ‘माझा तेरा दिवसांचा अहवाल मी मागे घेत आहे. विजेरी लावलीच गेली नव्हती.’ आणि गट सोडून गेलेल्या त्या स्वस्तवाल्याला शोधून, फोन करून, माफी मागितली. त्याने ती स्वीकारली आणि पाऊण तास स्वतःच्या विजेऱ्यांबद्दल सांगितले. पिवळीला चांगले भिंग आणि टिकाऊ सेल बसवून देण्याचा प्रस्ताव त्यांनी अण्णांपुढे ठेवला. “तिला हात लावायचा नाही,” अण्णा म्हणाले. झाकणाचा रबरबँड तेवढा बदलू दिला. जिन्यात आता दिवा असला तरी अण्णा पिवळी बरोबर नेतातच. आतला खिसा शिवलेला आहे, तो रिकामा कसा ठेवायचा?

जिन्यातला दिवा स्वस्त आहे की महाग, हे लुमेनरावांनी दोन दिवस विचारले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नी कामावर निघाली, तेव्हा ते दुखऱ्या पायाने वळणावर स्टूल ठेवून प्रकाशमापक वर धरून उभे होते. तिने बाजूने वाट काढली.

वाचकांकडे मागणी एवढीच. तुमच्या घरातली विजेरी आज शोधून काढा, घरातल्या सर्वात वृद्ध माणसाच्या हातात द्या आणि तोंड मिटून उभे राहा. त्यांना लावता आली नाही तर ती बदला आणि मोडली कोणी हे विचारू नका. आणि तुमच्या जिन्यातला दिवा गेला असेल, तर दुकानदाराच्या हाताला पहिला लागेल तो आणून आजच्या आज लावा. कोणाकडूनही दोन ओळी लिहून घेऊ नका.